पोराला इंग्रजी कोणत्या वाटेने येते?

(शेती विभाग : ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते, हुमणी आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. यावेळचा विषय वाट सोडून आहे. पण गेल्या हंगामात गट ऑफिसला आलेल्या सभासदांनी उसाच्या बिलाखालोखाल आम्हाला काय विचारले असेल तर ते पोरांच्या शाळेविषयी. "सायेब, इंग्लिश मीडियमला घालू का मराठीत ठेवू?" हा प्रश्न आम्ही माती परीक्षणापेक्षा जास्त वेळा ऐकला. आम्ही शेतीच्या पदविकेचा माणूस, शिक्षणतज्ज्ञ नव्हे, म्हणून टाळत होतो. एका दिवशी मात्र टाळता आले नाही.

आमच्या एका गटातले जुने सभासद आहेत. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही म्हणतो. बिलाचा हप्ता जमा झाला का ते बघायला आले होते, बरोबर नातू, वय वर्षे आठ. काम झाल्यावर तात्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत प्रगतीपुस्तक काढले आणि टेबलावर ठेवले.

"जरा वाचून सांगा बघू. शाळेनं सूनबाईला बोलवून घेतलंय. पोरगं बाहीर बसलंय, हळू वाचा."

शेरा इंग्रजीत होता. मुलगा सावकाश शिकणारा आहे, वर्गात बोलत नाही, घरी त्याच्याशी इंग्रजीतच बोलावे, अशा अर्थाचा. आम्ही जमेल तितके मऊ करून सांगितले. तात्या थोडा वेळ गप्प बसले.

"म्हंजे मठ्ठ हाय म्हणा की सरळ. आणि घरात इंग्रजी बोलायचं म्हंजे कुणी? मी का म्हातारीनं?"

तेवढ्यात रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. दारातल्या पायरीवर पाठमोरा बसलेला पोरगा मान न वळवता म्हणाला, "आबाचा ट्रॅक्टर. सायलेन्सर फुटलाय." आमच्या शेती मदतनीसाने खिडकीतून बघितले. ट्रॅक्टर आबांचाच होता.

मग आम्हाला आठवले. मागच्या उन्हाळ्यात तात्यांच्या प्लॉटवर ठिबकचा संच बघायला गेलो होतो, शेवटच्या ओळींना पाणी पोचत नव्हते. आम्ही नकाशा उघडून बसलो आणि हाच पोरगा म्हणाला होता, "फिल्टर बॅकवॉश करा की. गेजवर प्रेशर बगा." फिल्टर, बॅकवॉश, गेज, प्रेशर. पुढे त्याने लॅटरलचे एंड कॅप काढून गाळ सोडला. ज्या पोराला इंग्रजीचा एक शब्द बोलता येत नाही असे प्रगतीपुस्तक सांगत होते, त्याच्या तोंडात पाच मिनिटांत सात-आठ इंग्रजी शब्द होते, आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच्या हाताला माहीत होता.

तात्यांना आम्ही म्हटले, "जूनपर्यंत थांबा. विचारून सांगतो."

विचारायचे तर आधी स्वतःकडे बघावे लागले. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू होई. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. पाचवीत ए-बी-सी-डी, आठवीपर्यंत स्पेलिंगचे पाठांतर, घरी काकांची जुनी तर्खडकरांची भाषांतरमाला आणि वर्गात छडी, अशी आमची इंग्रजी. शेतीची पदविका मराठीतून झाली. नोकरीला लागलो आणि खरी पंचाईत सुरू झाली, कारण बियाण्याची लेबले, औषधांचे डबे, पंपाच्या पाट्या, परिसंवादातली भाषणे, सगळे इंग्रजीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती आज लिहितो. एका सभासदाच्या सुरू उसात भुईमुगाचे आंतरपीक होते. तण फार झाले होते. आम्ही टू-फोर-डी मारायला सांगितले. उसाला ते चालते हे पदविकेत शिकलो होतो. डब्यावर ते कशाला चालत नाही हेही छापले होते, पण 'ब्रॉड-लीव्हड' या शब्दावरून आमची नजर घसरून पुढे गेली. रुंद पानांच्या झाडांना ते मारते आणि भुईमूग रुंद पानांचाच. आठ दिवसांत वेल मुरगाळून गेले. त्या सभासदाने तक्रार केली नाही, उलट "असूं दे, ऊस तरी हाय" म्हणाला, त्याचेच आम्हाला जास्त लागले. पगारातून जमेल तशी भरपाई दिली. तो शब्द मात्र जन्मात विसरणार नाही. तसेच जर्मिनेशन, टिलरिंग, रॅटून हे शब्द. कोणीही पाठ करून घेतले नाहीत. डोळ्यांपुढे उगवण, फुटवे आणि खोडवा होता, शब्द त्यांना चिकटून आले. तीन वर्षे घोकलेल्या कविता कुठे गेल्या कोण जाणे.

आता कोल्हापुरातल्याच एका शाळेकडे येऊ. लीलाताई पाटील हे नाव शहरातल्या जुन्या शिक्षकांना सांगावे लागत नाही. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या त्या कन्या. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांत त्यांनी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर आराम करायचे सोडून १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. २०२० साली त्या गेल्या. 'ऐलमा पैलमा शिक्षण देवा' हे त्यांचे पुस्तक शिक्षक आवडीने वाचतात, पालकांनीही वाचावे. इतरांना शिकवायला शिकवणे वेगळे आणि स्वतः लहान पोरांच्या वर्गात उभे राहून ते करून दाखवणे वेगळे. प्रात्यक्षिक प्लॉट न करता भाषण देणारा शेती अधिकारी आणि स्वतः लागण करून दाखवणारा यात जो फरक, तोच हा.

त्या शाळेचा विचार थोडक्यात असा : मूल पुस्तकातून तेवढे शिकत नाही. बाजारात, शेतात, कुंभाराच्या चाकापाशी नेले, हाताने करू दिले, प्रश्न विचारू दिले, तर शिकते. पहिल्या-दुसऱ्या नंबराची चढाओढ लावून एकाला हुशार आणि बाकीच्यांना ढ ठरवायचे नाही. प्रत्येक पोराला काहीतरी येते, ते काय हे शोधणे हे शिक्षकाचे काम. त्या शाळेने इंग्रजी माध्यमाची पाटी लावली नाही, आणि शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांनीही आपली पोरे तिथे घातली.

त्याच सुमारास, १९८३ साली, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या हॉवर्ड गार्डनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे एक पुस्तक आले. बुद्धी ही एकच वस्तू नाही आणि ती एकाच तराजूत तोलता येत नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने सात प्रकार सांगितले : शब्दांची बुद्धी, हिशोब व तर्काची, सुरांची, आकार व चित्रांची, अंगाच्या व हातांच्या हालचालीची, दुसऱ्याचे मन ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढे त्यात आठवी घातली, निसर्गातल्या वस्तू ओळखण्याची, म्हणजे पानावरून वाण आणि ढगावरून पाऊस सांगणाऱ्याची. या आठव्या परीक्षेत आपल्या कार्यक्षेत्रातले निम्मे सभासद पहिल्या वर्गात पास होतील, आणि आम्ही पदविकाधारक त्यांच्या मागे. आपल्या शाळा पहिल्या दोन प्रकारांनाच मार्क देतात. बाकीच्या बुद्धीचे पोर वर्गात मागच्या बाकावर जाते.

हे ऐकून आमच्यासारख्याच्या डोक्यात लगेच उसाचे वाण आले. कोसी ६७१ ला साखर चांगली, पण तिला जमीन चांगली लागते. को ८६०३२ सगळीकडे जमवून घेते. चोपण-खारवट रानात फुले २६५ तग धरते. तसे पोराचे वाण ओळखले, त्याप्रमाणे शिकवले की झाले! असा आमचा थाट होता. पण ही तुलना पुरती बरोबर नाही, ते पुढे ठेच लागल्यावर कळले. गार्डनरचे म्हणणे सगळ्या मानसशास्त्रज्ञांना पटलेले नाही, आणि 'हे पोर बघून शिकणारे, ते ऐकून शिकणारे' असे शिक्के मारून त्या-त्याच पद्धतीने शिकवले तर जास्त येते, याला तपासणीत आधार सापडलेला नाही. गार्डनरने स्वतःही अशा शिक्क्यांविरुद्ध बजावले आहे. पोराला एकच वाट नसते. वाटा अनेक ठेवाव्यात आणि सगळ्यांनी सगळ्या वाटांनी जावे, एवढाच त्यातला घेण्यासारखा अर्थ.

इंग्रजीच्या बाबतीत असे प्रयोग आपल्या शेजारीच झालेले आहेत. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर-मद्रास भागातल्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. व्याकरण शिकवायचे नाही, पाठांतर नाही. पोरांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, हिशोबाचे कोडे ठेवायचे आणि ते इंग्रजीतून सोडवायला लावायचे. पोराचे लक्ष कोड्यात, भाषा आपोआप कानावर आणि तोंडात. त्याआधी जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात दुसरी वाट दाखवली होती. मास्तरने हुकूम द्यायचा, पोराने बोलायचे नाही, फक्त करून दाखवायचे. ऊठ, बस, दार उघड. बोलणे ज्याच्या त्याच्या वेळेला येते. तान्हे पोर आईची भाषा अशीच शिकते.

आपल्याकडे याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. शिरोळ, गडहिंग्लजकडच्या सभासदांच्या घरी बघा. पोरगे आज्जीशी कन्नड बोलते, शाळेत मराठी, टीव्हीसमोर हिंदी. कन्नडची शिकवणी कुणी लावली होती? हंगामात कारखान्याच्या तळावर उतरलेल्या तोडणी मजुरांच्या टोळ्यांत काही लमाण कुटुंबे असतात. त्यांच्या पोरांना घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि तरी दुकानात सुट्टे पैसे मोजून घेताना ती चुकत नाहीत. ज्या पोरांना आपण शाळाबाह्य म्हणतो त्यांना दोन-दोन भाषा येतात.

एवढे जमवल्यावर वाटले, नुसते वाचून तात्यांना काय सांगणार? मा. चेअरमनसाहेब व मा. कार्यकारी संचालकसाहेब यांची परवानगी घेऊन गटाच्या ऊस रोपवाटिकेत उन्हाळी सुट्टीत रोज संध्याकाळी तासभर पोरे जमवायचे ठरले. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई मदतीला आल्या, तेही सुट्टी असताना. आठ पोरे आली. तात्यांचा नातू त्यात होताच.

पहिले दोन दिवस सगळे फसले. आम्ही फळा आणला, पाढ्यासारखे शब्द म्हणून घेतले, वर थोडे भाषणही ठोकले. तिसऱ्या दिवशी तीनच पोरे आली. बाई हसत म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पाट फोडून दिल्यासारखं केलंत. सगळं पाणी एका सरीला, बाकीच्या कोरड्या." फळा गोडाऊनमध्ये गेला.

मग बाईंनी पंपापासून सुरुवात केली. एका पोराने हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी करायचे. 'ओपन द व्हॉल्व्ह.' 'क्लोज द व्हॉल्व्ह.' 'स्टार्ट.' 'स्टॉप.' (मोटरचे कनेक्शन काढून ठेवले होते, पालकांनी काळजी करू नये.) तात्यांचा नातू पहिल्या दिवशी एक शब्द बोलला नाही, पण हुकूम एकही चुकला नाही. दुसऱ्या दिवशी एका पोराने 'ओपन' म्हटल्यावर भलताच व्हॉल्व्ह फिरवला, तेव्हा हा एकदम ओरडला, "नो! नो! दिस व्हॉल्व्ह!" बाईंनी आमच्याकडे बघितले. आम्ही रोपांकडे बघत राहिलो, पोराला कळू नये म्हणून.

ट्रेचा खेळ आम्ही काढला. रोपांच्या एका ट्रेमध्ये ४२ कप. 'हाऊ मेनी प्लँट्स?' 'हाऊ मेनी एम्प्टी?' एक पाचवीतला पोरगा हिशोबाचा पक्का होता. त्याने सहा साती बेचाळीस करून उगवणीची टक्केवारीच काढायला घेतली, आणि 'आउट ऑफ' म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावे लागले नाही. लॉटच्या पाट्या लिहायचे काम एका अबोल मुलीकडे दिले. ती बोलत नसे, चित्र काढी. तिने प्रत्येक पाटीवर रोपाचे चित्र काढून भाग दाखवले : रूट, स्टेम, लीफ, बड. 'बड' म्हणजे डोळा हे तिला कळल्यावर तिने कपात लावलेल्या डोळ्याला चक्क पापण्या काढल्या. ती पाटी अजून रोपवाटिकेत आहे, येऊन बघावी. आणखी एक मुलगी होती, तिच्या अंगात गाणे. तिने हेच शब्द हादग्याच्या चालीवर बसवले आणि सगळी पोरे फेर धरून म्हणू लागली. आमची रोपवाटिकेतली बायामाणसेही त्यात आली. एक मावशी, शाळा कधी न बघितलेली, 'वॉटर, वॉटर' करत झारीने पाणी घालत होती.

इथेच आमची ती ठेच. गाणाऱ्या मुलीचे कौतुक करताना आम्ही म्हणून बसलो, "तू गाण्याची, हिशोब त्याच्याकडे राहू दे." दुसऱ्या दिवसापासून तिने ट्रे मोजायचेच सोडले. "सायेबांनी सांगितलंय, मी गाण्याची हाय." बाईंनी तिला परत मोजायला बसवायला चार दिवस घेतले. प्रगतीपुस्तकातल्या शेऱ्याने तात्यांच्या नातवाचे जे केले, तेच आम्ही कौतुकाने केले. शिक्का गोड असला तरी शिक्काच.

खताच्या पिशव्यांचाही वर्ग झाला. युरियाच्या रिकाम्या पिशवीवर 'नेट वेट', ४५ किलो आणि 'यूज नो हुक्स' छापलेले असते. आकडा लावू नका असे त्यावर लिहिले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? पोरांनी ते वाचले आणि जाऊन गोडाऊनमधल्या हमालाला सांगितले, तेव्हा तो आकडा हातात धरूनच उभा होता. पोरे खदखदून हसली. शेवटी आम्ही सगळ्यांना सांगितले, शेतातले आणि घरातले जेवढे इंग्रजी शब्द तुम्ही रोज मराठीत वापरता ते मोजा. स्टार्टर, फ्यूज, ट्रॉली, स्लिप, टायर, डिझेल, बिल, बँक, कप, बादलीला बकेट म्हणणारी आत्या... साठाच्या वर गेल्यावर मोजणे सोडून दिले. एवढे भांडवल घरात असताना पोरांना आपण कर्जबाजारी समजत होतो!

सगळ्यांना उपयोग झाला असे नाही. एका मुलाला यातले काही लागू पडेना. बोलायला चुणचुणीत, पण अक्षरे लिहिताना 'बी' आणि 'डी' उलटीसुलटी, मराठीतही काना-मात्रा गळणार, आणि वयाने मोठा. बाईंनी त्याच्या आईला सांगितले की हा आळस नाही, तपासून घ्या. अक्षरांचा असा गोंधळ होणाऱ्या मुलांची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. ही माहिती कितीतरी घरांत नाही. पोराला मार बसतो आणि वर्षे जातात. आपल्या घरी असे मूल असेल तर संकोच न करता शाळेतून चौकशी करावी. आमचे शेती मदतनीसही सांगतील.

आता तात्यांचे उत्तर. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या मळ्यात गेलो. सूनबाईंनी चहा दिला आणि त्याही बसल्या, कारण प्रश्न त्यांचा होता. आम्ही एवढेच म्हणालो, "वहिनी, पोराच्या डोक्यात काही कमी नाही. त्याला आधी हाताने करायला आणि मग बोलायला मिळालं पाहिजे. घरी इंग्रजी बोलायची गरज नाही, मराठीतच भरपूर बोला, गोष्टी सांगा, का आणि कसं ते विचारू द्या. एका भाषेत विचार करता आला की दुसरीत शब्दच शोधायचे राहतात." २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे आहे, तेही सांगितले.

सूनबाई म्हणाल्या, "भावजी, खरं सांगू का? गाडी येती, टाय लावून पोरगं जातंय, चारचौघांत बरं दिसतंय. माझी जाऊ काय म्हणंल, ह्या भ्यानंच दोन वर्सं काढली."

हे बोलायला धाडस लागते. आम्ही त्यावर काही बोललो नाही. आमच्या घरीही हेच झाले होते. आमची थोरली मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, आणि तिचे उत्तम चालले आहे हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. तिला शब्दांची ओढ, घरात वाचायला पुस्तके, आणि तिच्या शाळेतल्या बाई मुलांना बोलू देणाऱ्या. म्हणून सरसकट सगळ्यांनी मराठीत घाला किंवा इंग्रजीत घाला असे आम्ही सांगणार नाही. पाटी कोणती आहे ते बघू नका, वर्गात जाऊन बघा. पोरे बोलतात का? हाताने काही करतात का? चुकले तर हसतात का, का मान खाली घालतात? अर्धा तास पुरतो. बेणे घेताना आपण दुसऱ्याच्या प्लॉटवर जाऊन कांडी हातात घेऊन डोळा तपासतो. शाळा मात्र जाहिरातीच्या बोर्डावरून घेतो.

एक गोष्ट जाता जाता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. आपल्या आज्या-पणज्यांना तो दंड जड वाटला असेल. आज फी म्हणून आपण जे स्वतःहून भरतो ते बघितले तर महाराज काय म्हणाले असते, असे कधीकधी मनात येते.

तात्यांचा नातू जूनपासून गावच्या शाळेत, त्याच बाईंच्या वर्गात जाणार आहे. शाळा सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून, बाकी मराठीत. तात्यांना अजून पुरते पटलेले नाही. "बघू या एक वरीस, न्हाई तर परत गाडी हायच की," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. आम्ही निघालो तेव्हा पोरगा मोटरीच्या खोलीपाशी उभा होता, पंपाच्या पत्र्याच्या पाटीवर बोट ठेवून.

"सायेब, हे एच. पी. म्हंजे काय?"

"हॉर्स पॉवर."

"हॉर्स म्हंजे घोडा. मग ह्येच्यात पाच घोडे हायत?"

पाच घोड्यांची गोष्ट सांगता सांगता अंधार पडला, आणि त्या दिवशीच्या दोन प्लॉटभेटी राहिल्या. त्या सभासदांची इथे क्षमा मागतो. त्यांच्या भेटी आता झालेल्या आहेत.

सूचना : दिवाळीच्या सुट्टीत रोपवाटिकेत हाच उपक्रम पुन्हा घ्यायचा विचार आहे. वय ७ ते ११ च्या पोरांची नावे आपापल्या गट ऑफिसला शेती मदतनीसाकडे द्यावीत. फी नाही. फळा नाही. पोरांना मातीत खराब होतील असे कपडे घालून पाठवावे, टाय लावू नये. पुढील अंकात या पानावर पावसाळ्यातील पाण्याचा निचरा व आडसाली लागणीची पूर्वतयारी.